आठ वर्षं आणि एक उन्हाळा

१९८८ साली आलेल्या ‘स्टँड अँड डिलिव्हर’ या अमेरिकन सिनेमात एक उन्हाळा आहे. पूर्व लॉस एंजेलिसच्या कष्टकरी वस्तीतली मुलं सुट्टीतही वर्गात येऊन बसतात. आदल्या वर्षी यातल्या काहींना अपूर्णांकसुद्धा जड जात होते. आता मास्तर त्यांच्याकडून कॅल्क्युलसच्या आधीचं सगळं गणित भराभर करून घेतात. उन्हाळा संपतो, शाळा उघडते, मुलं कॅल्क्युलसला हात घालतात आणि वर्षाच्या शेवटी देशपातळीवरची एक अवघड परीक्षा पास होतात. मास्तरांचं नाव हायमे एस्कलांते. त्यांची भूमिका करणाऱ्या एडवर्ड जेम्स ओल्मोस यांना ऑस्करचं नामांकन मिळालं.

गोष्ट खरी आहे. मास्तर खरे, शाळा खरी, परीक्षा खरी आणि निकालही खरा. हिशोब मात्र सिनेमाचा आहे. एस्कलांते त्या शाळेत रुजू झाले १९७४ साली आणि सिनेमात दाखवलेला निकाल लागला १९८२ साली. मधली आठ वर्षं सिनेमाने एका उन्हाळ्यात बसवली.

दोन तासांच्या सिनेमाला काटछाट करावीच लागते, त्याबद्दल तक्रार नाही. पण काय कापलं गेलं ते बघायला हवं, कारण आपल्या कामाचं आहे ते नेमकं तेच. सिनेमातले मास्तर एक स्पॅनिश शब्द सारखा वापरतात, ‘गानास’. म्हणजे इच्छा, आतून असलेली ओढ. ती असली की बाकी सगळं जमतं, असं सिनेमा बघून वाटतं. त्या मुलांकडे ओढ होतीच. पण ओढीला बसायला बाक लागतो, शिकवणारं माणूस लागतं आणि वेळापत्रकात जागा लागते. एस्कलांते यांनी ही जागा शोधली उन्हाळ्याच्या सुट्टीत. हा लेख त्या जागेबद्दल आहे.

नाव मोठं, विषय ओळखीचा

अमेरिकेत ‘कॉलेज अल्जिब्रा’ नावाचा एक कोर्स असतो. नाव भारदस्त आहे, पण आत डोकावलं तर वर्गसमीकरणं, बहुपदी, फंक्शन आणि त्यांचे आलेख, घातांक, लॉगॅरिदम. म्हणजे आपण साधारण नववी ते अकरावीत जे करतो तेच. आपल्याकडे बीजगणित आणि भूमिती एकाच वर्षात शेजारीशेजारी चालतात, भाग एक आणि भाग दोन. अमेरिकेतल्या बहुतेक शाळांत मात्र ही एक रांग असते. आधी अल्जिब्रा-वन, मग एक वर्ष भूमिती, मग अल्जिब्रा-टू, मग त्रिकोणमिती आणि कॅल्क्युलसची पूर्वतयारी, आणि रांगेच्या शेवटी कॅल्क्युलस. मधला एक डबा सुटला तर पुढचे सगळे डबे जागेवरच उभे राहतात.

शाळेत हा डबा सुटलेली मुलं कॉलेजात आल्यावर कॉलेज अल्जिब्रा घेतात. बऱ्याच जणांना तो उन्हाळ्यात घ्यावा लागतो, कारण सप्टेंबरमध्ये पुढचा विषय सुरू व्हायच्या आत मागचा संपवायचा असतो. पंधरा-सोळा आठवड्यांचं सेमिस्टर मग सहा ते आठ आठवड्यांत दाबून बसवलं जातं. सोमवारी घातांक, बुधवारी लॉगॅरिदम, शुक्रवारी परीक्षा. दोन दिवस ताप आला तर एक अख्खा धडा गेला.

हे सगळं गणित एवढं महत्त्वाचं का, ते एका छोट्या उदाहरणात दिसतं. क्ष-वर्ग या फंक्शनचा डेरिव्हेटिव्ह व्याख्येवरून काढायचा आहे. (क्ष + ह) चा वर्ग करा. त्यातून क्ष-वर्ग वजा करा. उरलं २क्षह + ह². त्याला ह ने भागा, आलं २क्ष + ह. आता ह ला शून्याकडे जाऊ द्या. उत्तर २क्ष. या उदाहरणात कॅल्क्युलस आहे ते फक्त शेवटच्या पायरीत. आधीच्या सगळ्या पायऱ्या शाळेतल्या बीजगणिताच्या. कॅल्क्युलसमध्ये अडकलेला मुलगा पुष्कळदा कॅल्क्युलसमध्ये अडकलेला नसतोच. तो कंस सोडवताना अडकलेला असतो, पण पेपरवर विषयाचं नाव कॅल्क्युलस असतं.

बरोजमधून गारफिल्डला

एस्कलांते यांचा जन्म ३१ डिसेंबर १९३० चा, बोलिव्हियातल्या ला पाझचा. आई-वडील दोघेही शिक्षक. ते स्वतःही तिथे गणित आणि भौतिकशास्त्र शिकवायचे. १९६३ च्या अखेरीस ते अमेरिकेत आले तेव्हा त्यांना इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं आणि बोलिव्हियातल्या पात्रतेवर कॅलिफोर्नियात शिकवता येत नव्हतं. त्यांनी पॅसाडिनातल्या एका कॉफी शॉपमध्ये साफसफाईचं काम धरलं. पॅसाडिना सिटी कॉलेजात शिकले. मग बरोज कॉर्पोरेशन या कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली. नोकरी सांभाळून शिक्षण चालूच होतं. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या लॉस एंजेलिस कँपसमधून पदवी घेऊन ते १९७४ मध्ये गारफिल्ड हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वय त्रेचाळीस.

म्हणजे सुटलेला डबा पुन्हा जोडायला काय लागतं, हे या माणसाला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. दिवसा काम आणि उरलेल्या वेळात कॉलेज, हे ते स्वतः करून आले होते.

गारफिल्डची तेव्हाची अवस्था बिकट होती. शाळेची मान्यता जायची वेळ आली होती. विद्यार्थी बहुतेक मेक्सिकन-अमेरिकन कामगारांच्या घरातले. गणिताच्या नावाने तिथे मुख्यतः हिशोबापुरतं अंकगणित शिकवलं जायचं, कारण या मुलांना याहून जास्त लागणार नाही असं गृहीत होतं.

एस्कलांते यांनी कॅल्क्युलसचा पहिला वर्ग सुरू केला १९७८ मध्ये. म्हणजे रुजू झाल्यावर चार वर्षांनी. १९७९ च्या परीक्षेपर्यंत पाच मुलं टिकली आणि त्यातली दोन पास झाली. पुढच्या वर्षी नऊपैकी सात. १९८१ मध्ये पंधरापैकी चौदा. १९८२ मध्ये अठरापैकी अठरा. या आकड्यांत कुठे जादू दिसत नाही. दर वर्षी वर्ग थोडा मोठा होतोय आणि दर वर्षी निकाल थोडा सुधारतोय. ऑफिसात कुणी असा आलेख दाखवला तर आपण म्हणतो, यांची सिस्टिम नीट चालली आहे.

पाच वर्षांचं गणित, तीन वर्षांची शाळा

आता खरी अडचण. गारफिल्ड तीन वर्षांची शाळा होती, दहावी ते बारावी. तिथे मुलं पाठवणाऱ्या खालच्या शाळांत फक्त प्राथमिक गणित होतं. दहावीत आलेल्या मुलाने पहिल्या दिवसापासून दर वर्षी गणित घेतलं तरी भूमिती, अल्जिब्रा-टू, त्रिकोणमिती, मॅथ अ‍ॅनालिसिस आणि कॅल्क्युलस एवढं सगळं तीन वर्षांत बसत नव्हतं. मुलगा कितीही हुशार असो, त्याला कितीही ओढ असो, वेळापत्रकच त्याला कॅल्क्युलसपर्यंत पोचू देत नव्हतं. त्याच शहरातल्या सुखवस्तू भागांत मुलं आठवीत बीजगणित सुरू करत होती. ती बारावीत कॅल्क्युलसच्या वर्गात बसली की त्यांना गणितात गती आहे असं म्हटलं जायचं.

एस्कलांते यांनी यावर दोन बाजूंनी काम केलं. एक, मुख्याध्यापक हेन्री ग्राडियास यांच्या साथीने खालच्या शाळांना बीजगणित सुरू करायला लावलं. दुसरं, जवळच्या ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजमध्ये उन्हाळी वर्ग उभे केले. हे कम्युनिटी कॉलेज. दोन वर्षांचं, कुणालाही दार उघडं असलेलं, मोठ्या विद्यापीठांच्या यादीत न दिसणारं. तिथे गारफिल्डची मुलं सात आठवड्यांत एक अख्खा विषय करायची. एका उन्हाळ्यात भूमिती किंवा अल्जिब्रा, पुढच्या उन्हाळ्यात त्रिकोणमिती. शाळेची तीन वर्षं आणि मधले उन्हाळे असं जोडून पाच वर्षांची रांग पूर्ण केली जायची.

आपल्याकडे याला कुणी ‘व्हेकेशन बॅच’ म्हणेल. फरक एवढाच की व्हेकेशन बॅचला बहुतेक वेळा पुढे असलेली मुलं आणखी पुढे जायला येतात. इथे मागे ठेवलेली मुलं बरोबरीला यायला येत होती.

सात आठवडे ऐकायला थोडे वाटतात. पण कष्टकऱ्यांच्या घरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलासाठी उन्हाळा ही कमाईची वेळ असते. धाकट्या भावंडांना सांभाळायची वेळ असते. उन्हाळा वर्गात घालवायचा म्हणजे घरात येऊ शकणारे काही डॉलर सोडायचे. एस्कलांते पालकांना भेटत, मुलांकडून आणि पालकांकडून करारासारख्या कागदावर सही घेत, घरी फोन करत. सिनेमात हे सगळं गमतीदार प्रसंगांसारखं दिसतं. प्रत्यक्षात ती एक वाटाघाट होती, आणि समोरच्या घराने काय पणाला लावलंय हे मास्तरांना माहीत होतं.

या सगळ्यात ते एकटे नव्हते. बेन हिमेनेझ हे त्यांचे सहकारी कॅल्क्युलसच्या आधीचे विषय शिकवायचे. ग्राडियास शाळेत शिस्त आणि जागा दोन्ही मिळवून देत होते. रांगेतला प्रत्येक डबा कुणीतरी ओढत होतं. सिनेमात इंजिन तेवढं दिसतं.

चौदा पत्रं

१९८२ च्या मे महिन्यात गारफिल्डच्या अठरा मुलांनी अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंटची कॅल्क्युलसची परीक्षा दिली. ही परीक्षा शाळेत असतानाच देतात, एक ते पाच असे गुण मिळतात आणि तीन किंवा जास्त मिळाले की अनेक कॉलेजं त्याचं क्रेडिट देतात. अठराही जण पास झाले. परीक्षा घेणाऱ्या एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेला त्यातल्या चौदा जणांच्या उत्तरांत साम्य आढळलं. सहाव्या प्रश्नात एकसारखी चूक होती आणि चलांची नावंही एकसारखी विचित्र होती. चौदा मुलांना कळवण्यात आलं की गुण टिकवायचे असतील तर परीक्षा पुन्हा द्या.

दोघांनी दिली नाही. बारा जणांनी ऑगस्टमध्ये, म्हणजे उन्हाळ्यातच, नवा पेपर दिला. मधल्या महिन्यांत वर्ग बंद होते, पुस्तकं मिटलेली होती. बाराही पास झाले आणि त्यांचे आधीचे गुण कायम राहिले.

गोष्ट सांगताना बहुतेक लोक इथेच थांबतात, पण एक नोंद करायला हवी. जे मॅथ्यूज या पत्रकाराने एस्कलांते यांच्यावर पुस्तक लिहिलं, तेही १९८८ सालीच आलं. मॅथ्यूज यांनी मुलांच्या परवानगीने त्या उत्तरपत्रिका पाहिल्या. त्यांना त्या एका प्रश्नात नऊ जणांची चूक तंतोतंत सारखी दिसली, आणि परीक्षेत एक कागद फिरला होता असं दोन विद्यार्थ्यांनी सांगितल्याचं त्यांनी लिहिलं आहे. म्हणजे संशयाला अगदीच आधार नव्हता असं म्हणता येत नाही. पण एका प्रश्नाच्या चिठ्ठीवर अख्खी परीक्षा पास होता येत नाही, आणि ऑगस्टमध्ये तर ती चिठ्ठीही नव्हती. मुलांना गणित येत होतं, हे दुसऱ्या पेपरने दाखवून दिलं.

एस्कलांते यांना शेवटपर्यंत वाटत होतं की मुलांची आडनावं आणि शाळेचं नाव वेगळं असतं तर ही पत्रं आली नसती. संस्थेने हे नाकारलं. मला यात आणखी एक गोष्ट दिसते. उत्तरपत्रिकेवर फक्त शेवट दिसतो. त्यामागची आठ वर्षं, एकाच मास्तरांच्या हाताखाली एकाच पद्धतीने गिरवलेली शेकडो उदाहरणं, हिमेनेझ यांनी पक्की करून घेतलेली त्रिकोणमिती, यातलं काहीच त्या कागदावर नसतं. ही तयारी ज्याला दिसत नाही त्याच्यासमोर दोनच पर्याय उरतात. एकतर मुलांनी फसवलं, नाहीतर चमत्कार झाला. १९८२ मध्ये पहिली शंका घेतली गेली. १९८८ मध्ये सिनेमाने दुसरं उत्तर दिलं. दोन्हीकडे हरवली ती तयारीच.

देशाच्या दुसऱ्या टोकाला

त्याच १९८२ साली देशाच्या दुसऱ्या टोकाला, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजमध्ये, आणखी एक माणूस याच प्रश्नाशी झगडत होता. बॉब मोझेस. १९६० च्या दशकात मिसिसिपीमध्ये कृष्णवर्णीयांची मतदार म्हणून नोंदणी व्हावी म्हणून जीव धोक्यात घालून काम केलेले कार्यकर्ते. १९६४ ची ‘फ्रीडम समर’ ही मोहीम ज्यांनी उभी केली त्यांच्यातलं हे एक मुख्य नाव. तोही उन्हाळाच. मतदार नोंदणीच्या जोडीला तेव्हा मिसिसिपीत ‘फ्रीडम स्कूल’ भरवल्या गेल्या, कारण नोंदणीसाठी वाचता-लिहिता येण्याची चाचणी पुढे करून कृष्णवर्णीयांना परत पाठवलं जात होतं.

१९८२ मध्ये मोझेस यांच्या मोठ्या मुलीच्या शाळेत आठवीला बीजगणितच नव्हतं. मोझेस यांनी आधी गणित शिकवलेलं होतं. ते शाळेत जाऊन स्वतः शिकवायला लागले. त्यातून ‘अल्जिब्रा प्रोजेक्ट’ उभा राहिला आणि पुढे मिसिसिपीसह अनेक ठिकाणी पोचला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. एकेकाळी वाचता न येणाऱ्याला नागरिक म्हणून बाहेर ठेवता येत होतं. कॉम्प्युटरच्या युगात बीजगणित न येणाऱ्याला चांगल्या कामापासून बाहेर ठेवता येतं. म्हणून शाळेत बीजगणित असणं हा हक्काचा प्रश्न आहे.

मोझेस आणि एस्कलांते यांच्या पद्धती वेगळ्या होत्या. पण आठवीत बीजगणित आहे की नाही या एका साध्या गोष्टीवर पुढची किती वर्षं अवलंबून आहेत, हे दोघांनीही ओळखलं होतं. कोण इंजिनिअर होणार हे बारावीत ठरतं असं आपल्याला वाटतं. पुष्कळ मुलांसाठी ते आठवीच्या वेळापत्रकात ठरून गेलेलं असतं, आणि त्यांना कुणी तसं सांगितलेलंही नसतं.

‘बेस कच्चा आहे’

आमच्या इंजिनिअरिंगच्या वर्गात दुसऱ्या वर्षी काही नवी मुलं आली. दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेली. वर्कशॉप आणि प्रॅक्टिकलमध्ये ती आमच्यापेक्षा सरस होती. सर्किट जोडताना आम्ही त्यांच्याकडे बघायचो. पण समोर आलं एम-थ्री. लाप्लास, फूरिए, व्हेक्टर कॅल्क्युलस. आम्ही अकरावी-बारावी आणि मग एम-वन, एम-टू असं तीन वर्षं चढत तिथे आलो होतो. त्यांच्या वाट्याला त्यातला काही भागच आला होता. त्यांच्याबद्दल एक वाक्य सारखं कानावर यायचं, शिक्षकांकडून, आमच्याकडून, आणि सगळ्यात जास्त त्यांच्या स्वतःच्या तोंडून. मॅथ्सचा बेस कच्चा आहे.

हे वाक्य आपण असं वापरतो जणू ती रक्तगटासारखी गोष्ट आहे. एकदा कच्चा तो कायमचा कच्चा. प्रत्यक्षात बेस म्हणजे तासांची बेरीज. अमुक इतके तास अमुक विषयाचे झालेत की नाहीत. झाले नसतील तर ते कुठेतरी बसवावे लागतात, आणि बसवायची जागा कुणी दिली नाही तर मुलगा ते रात्री एकटा, पास होण्यापुरते, ठरावीक दहा प्रश्न पाठ करून भागवतो. आमच्या वर्गातल्या डिप्लोमावाल्यांनी एम-थ्री असंच काढलं. सुट्टीत सात आठवड्यांचा नीट वर्ग मिळाला असता तर त्यांच्यातले निम्मे आमच्या पुढे गेले असते असं मला वाटतं. त्यांच्याकडे मेहनतीची कमतरता नव्हती. त्यांच्या वेळापत्रकात दोन वर्षं नव्हती.

सॉफ्टवेअरमध्ये हे रोज दिसतं. एखादं पॅकेज चालत नाही, एरर भलतीच येते, तीन तास जातात आणि शेवटी कळतं की ते ज्या जुन्या पॅकेजवर उभं आहे तेच मशीनवर नाही. तेव्हा आपण मशीनला मठ्ठ म्हणत नाही. राहिलेलं इन्स्टॉल करतो आणि पुढे जातो. माणसांच्या बाबतीत मात्र एरर वाचून आपण थेट निकाल देतो.

सिनेमानंतर

१९८२ नंतर गारफिल्डचा कार्यक्रम वाढत गेला. १९८३ मध्ये तेहतीस जणांनी परीक्षा दिली, तीस पास झाले. १९८७ मध्ये कॅल्क्युलसच्या पहिल्या पातळीवर ७३ आणि त्याहून वरच्या पातळीवर १२ विद्यार्थी पास झाले. त्या वर्षी संपूर्ण अमेरिकेत ही परीक्षा पास झालेल्या मेक्सिकन-अमेरिकन विद्यार्थ्यांपैकी साधारण चौथा हिस्सा या एका शाळेचा होता. हा कार्यक्रमाचा कळस.

पुढच्याच वर्षी सिनेमा आला. एस्कलांते जगप्रसिद्ध झाले, पाहुण्यांची रीघ लागली. इकडे शाळेत मात्र एकेक खिळा ढिला होत होता. ग्राडियास डॉक्टरेट पूर्ण करायला रजेवर गेले आणि परत आल्यावर त्यांना गारफिल्ड मिळालं नाही. कॅल्क्युलसच्या वर्गांत पन्नासहून जास्त मुलं बसत होती, शिक्षक संघटनेच्या करारात मर्यादा होती पस्तीसची. ही मर्यादा शिक्षकांनी झगडून मिळवलेली होती, त्यामुळे संघटनेचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. पण त्या मुलांना बाहेर काढायलाही एस्कलांते तयार नव्हते. १९९० मध्ये त्यांचं गणित विभागाचं प्रमुखपद गेलं. १९९१ मध्ये त्यांनी आणि हिमेनेझ यांनी गारफिल्ड सोडलं. एस्कलांते सॅक्रामेंटोच्या एका शाळेत शिकवायला गेले.

१९९६ मध्ये गारफिल्डमधून पहिल्या पातळीवर सात आणि वरच्या पातळीवर चार मुलं पास झाली. एकूण अकरा. नऊ वर्षांपूर्वी पंच्याऐंशी.

हा आकडा वाचून ‘बघा, एक माणूस गेला आणि सगळं संपलं’ असं म्हणायचा मोह होतो. पण तसं म्हटलं की आपण पुन्हा सिनेमाच बघायला लागतो. एस्कलांते विलक्षण शिक्षक होते यात वाद नाही. तरी त्यांच्याबरोबर आणखीही काही गेलं होतं. पाठीशी उभा राहणारा मुख्याध्यापक आधीच गेला होता, पूर्वतयारीचे विषय घेणारा सहकारी गेला, आणि वर्गापासून उन्हाळ्यापर्यंत सगळं एका रांगेत ठेवणारी व्यवस्था सैल झाली. लोकांना आठवत राहिले ते मास्तरांची टोपी, त्यांचे विनोद आणि ‘गानास’. ते दुसऱ्या शाळेत नेता येत नाही, कारण ते एका माणसाचं असतं. उन्हाळी वर्ग, आठवीतलं बीजगणित, चार वर्षं आधी सुरू झालेली तयारी, हे नेता येतं. तेच कुणी नेलं नाही, कारण सिनेमात ते धड दिसलंच नव्हतं.

एस्कलांते स्वतः या सिनेमावर खूश होते, पण एक गोष्ट ते स्पष्ट सांगत. अपूर्णांक न येणाऱ्या कुणालाही त्यांनी एका वर्षात कॅल्क्युलस शिकवलेलं नव्हतं. ३० मार्च २०१० रोजी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, ते गेले. पुढच्या वर्षी तो सिनेमा अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत घेतला गेला.

या लेखासाठी वाचताना माझं मन १९८२ पेक्षा जास्त १९७९ वर अडकलं. पाच मुलं परीक्षेला, दोन पास, तीन नापास. पाचात दोन या निकालावर कुणी सिनेमा काढत नाही. त्या वर्षी कुणाला संशयही आला नाही, कारण संशय यावा असं काही घडलंच नव्हतं. बाहेरून बघणाऱ्याने म्हटलं असतं की प्रयोग फसला, या शाळेला कॅल्क्युलस झेपत नाही. पुढच्या वर्षी वर्ग पुन्हा भरला. पाचाच्या जागी नऊ मुलं बसली होती.